समुपदेशक घडवणाऱ्यांच्या वाटेवर: संशोधनाचा प्रश्न, पीएचडी आणि प्राध्यापकी

प्रॅक्टिकमच्या, म्हणजे देखरेखीखाली समुपदेशनाचा प्रत्यक्ष सराव करण्याच्या, खोलीत व्हिडिओ चालू आहे. पडद्यावर क्लायंट सांगतेय, "आई गेल्यापासून घरात मला कोणी नावानं हाकच मारत नाही." एवढं बोलून ती थांबते. समोर बसलेला विद्यार्थी दोन सेकंदही जाऊ न देता विचारतो, "झोप कशी लागते तुम्हाला?" सुपरव्हायझर तिथेच व्हिडिओ थांबवतात. "या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं?" विद्यार्थी बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणतो, "त्या रडतील अशी भीती वाटली. रडल्या असत्या तर पुढे काय करायचं, हे मला माहीत नव्हतं."

रेकॉर्डिंग असं मधेच थांबवून त्या क्षणाकडे परत जाण्याची ही पद्धत नॉर्मन केगन यांनी १९६० च्या दशकात मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत विकसित केली. त्या विद्यार्थ्याच्या एका उत्तरात संशोधनाचे किती धागे आहेत ते पाहा. शांततेची ही भीती कुठून येते? सराव वाढला की ती आपोआप कमी होते, की कोणीतरी मुद्दाम शिकवावं लागतं? सुपरव्हायझरसमोर ती कबूल करायला काय लागतं? समुपदेशक कसा घडतो आणि त्याला घडवणाऱ्यानं काय करावं, याचा अभ्यास करणाऱ्या ज्ञानशाखेला अमेरिकेत काउन्सेलर एज्युकेशन म्हणतात. तिथे ही स्वतंत्र शाखा आहे. तिचे स्वतःचे पीएचडी कार्यक्रम, नियतकालिकं आणि प्राध्यापकपदं आहेत. त्या वाटेनं जाऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. मला सांगायचं आहे ते मुख्यतः एकच: या वाटेवरचं सगळं, प्रवेशापासून टेन्युअरपर्यंत (प्राध्यापकाच्या कायम नेमणुकीपर्यंत), एका नीट घासलेल्या प्रश्नावर उभं राहतं. तो प्रश्न शोधायला घाई करू नका.

आधी जमीन ओळखून घ्या

काउन्सेलिंग सायकॉलॉजी आणि काउन्सेलर एज्युकेशन यांत नवखा माणूस हमखास गोंधळतो. पहिली शाखा मानसशास्त्राच्या कुटुंबातली, तिची पीएचडी माणसाला सायकॉलॉजिस्ट करते. दुसरीची मुळं शाळेतल्या आणि व्यवसाय-मार्गदर्शनात आहेत. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बोस्टनला व्होकेशन ब्यूरो काढला, तिथून हा धागा सुरू होतो. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि हादरलेल्या अमेरिकेनं पुढच्याच वर्षी नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्ट केला. हुशार मुलं शाळेतच हेरून त्यांना विज्ञानाकडे वळवायचं, तर शाळांत समुपदेशक हवेत, आणि समुपदेशक हवेत तर त्यांना शिकवणारे हवेत. त्या पैशातून विद्यापीठांत प्रशिक्षणवर्ग उभे राहिले. 'काउन्सेलर एज्युकेशन अँड सुपरव्हिजन' हे नियतकालिक १९६१ चं, हा योगायोग नाही.

पुढचा टप्पा परवान्याचा. समुपदेशकांना परवाना देणारा पहिला कायदा व्हर्जिनियानं १९७६ मध्ये केला. सर्वांत शेवटी, २००९ मध्ये, कॅलिफोर्निया आलं. मधल्या काळात, १९८१ मध्ये, अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केक्रेप ही संस्था स्थापन झाली. तुमच्या करिअरच्या दृष्टीनं या संस्थेचा एक नियम सगळ्यात महत्त्वाचा आहे: मान्यताप्राप्त कार्यक्रमाच्या मूळ प्राध्यापकवर्गात (कोअर फॅकल्टी) यायचं असेल, तर डॉक्टरेट काउन्सेलर एज्युकेशनमधलीच लागते. १ जुलै २०१३ पूर्वी निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष या क्षेत्रात पूर्णवेळ शिकवलेल्यांना सूट आहे, बाकी कोणाला नाही. उत्तम सायकॉलॉजिस्टचा अर्जही या एका कारणानं बाजूला पडतो. म्हणून पीएचडी कशातली करायची, हा निर्णय आवडीइतकाच या नियमाचाही आहे.

पहिली पायरी: तुम्हाला बोचलेला प्रश्न

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी विषय घेतला होता समुपदेशकांचा बर्नआउट. विषय मोठा, लेख भरपूर, मोजमापाच्या प्रश्नावल्या तयार. माझ्या मार्गदर्शकांनी प्रस्ताव वाचून एवढंच विचारलं, "हे तुला कुठे बोचलं?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी प्रस्ताव परत केला आणि सांगितलं, की पुढचे दोन महिने सुपरव्हिजनच्या प्रत्येक तासानंतर वहीत एकच ओळ लिही: आज मला काय कळलं नाही. ती वही माझ्याकडे अजून आहे. त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी शांततेबद्दल निघाल्या.

तुम्हीही तेच करा. वही घ्या, मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण तास संपल्यावर दहा मिनिटांच्या आत लिहा. नंतर लिहिलं की मन त्याचं शहाणं रूप करून ठेवतं आणि बोच निघून जाते. दोन महिन्यांनी ओळी वाचा आणि परत परत येणारी गोष्ट अधोरेखित करा.

मग त्या गोष्टीला घासा. समजा तुम्ही सुरुवात केली, "मला बहुसांस्कृतिक समुपदेशनात रस आहे." हा रस झाला, प्रश्न नव्हे. कोणाच्या बाबतीत? "दुसऱ्या देशातून शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांच्या." त्यांचं नेमकं काय? "प्रॅक्टिकममध्ये ते बुजतात." कधी बुजतात? "क्लायंट गप्प झाला की. भाषा कमी पडली म्हणून तो गप्प झाला, की काही जड आलंय म्हणून, हे त्यांना ठरवता येत नाही." आता प्रश्न हाताला लागला: परदेशातून आलेले प्रॅक्टिकमचे विद्यार्थी क्लायंटच्या शांततेचा अर्थ कसा लावतात आणि सुपरव्हिजनमध्ये त्याबद्दल काय बोलतात, काय टाळतात? या वाक्यातला एकही शब्द ऐकणाऱ्याला 'म्हणजे काय?' असं विचारायला लावत नाही. हीच परीक्षा.

प्रश्न घासताना आधी कोणी काय नांगरलंय हेही बघावं लागतं. सुपरव्हिजनचं शेत जुनं आहे. जनीन बर्नार्ड यांचं १९७९ चं डिस्क्रिमिनेशन मॉडेल आजही पहिल्याच सत्रात शिकवतात: सुपरव्हायझर कधी शिक्षक असतो, कधी समुपदेशक, कधी सल्लागार, आणि त्याचं लक्ष कधी कौशल्यावर, कधी केस समजून घेण्यावर, कधी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भावनांवर. अशा चौकटीत तुमचा प्रश्न ठेवून बघितला की तो कुठे बसतो आणि कुठे चौकटीबाहेर सांडतो ते दिसतं. जिथे सांडतो तिथे तुमचं काम.

गेटकीपिंगबद्दल थोडं जास्त

संशोधनाची क्षेत्रं अनेक आहेत: शालेय समुपदेशन, व्यसनमुक्ती, आघात, ऑनलाइन प्रशिक्षण, समुपदेशकाची व्यावसायिक ओळख. सगळ्यांवर लिहीत बसत नाही. पण गेटकीपिंग या एका विषयावर थांबतो, कारण या शाखेचं खास दुखणं तिथे दिसतं. अभ्यासात हुशार, पण माणसासमोर बसल्यावर इजा करू शकेल अशा विद्यार्थ्याला थांबवायचं कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर?

२००९ मध्ये ईस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीतल्या एका विद्यार्थिनीला प्रॅक्टिकममध्ये समलिंगी नात्याविषयी मदत मागणारा क्लायंट मिळाला. धार्मिक श्रद्धेमुळे आपण त्या नात्याला दुजोरा देऊ शकत नाही, त्याला दुसऱ्याकडे पाठवा, असं तिनं सांगितलं. तिला कार्यक्रमातून काढण्यात आलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. विद्यापीठाच्या बाजूनं लागलेला निकाल २०१२ मध्ये वरच्या न्यायालयानं फिरवला, प्रकरण ज्युरीपुढे जाऊ शकतं असं म्हटलं, आणि त्याच वर्षी तडजोड झाली. पुढे अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनच्या (एसीए) २०१४ च्या आचारसंहितेत स्पष्ट झालं, की केवळ स्वतःच्या मूल्यांपायी क्लायंटला दुसरीकडे पाठवता येत नाही.

या प्रकरणात कोणाची बाजू घ्यायची हा एक प्रश्न झाला. संशोधकाच्या कामाचा प्रश्न वेगळा आहे. शिक्षकांच्या बैठकीत 'हा विद्यार्थी तयार नाही' असं म्हटलं जातं, तेव्हा ते कशावरून ठरवलं जातं? निरीक्षणांची नोंद होती का? सुधारणेची संधी दिली का, आणि त्या संधीत खरोखर काय होतं? परदेशी उच्चाराचा किंवा कमी बोलणारा विद्यार्थी 'अपात्र' या खान्यात चटकन ढकलला जातो का? ज्याला करुणा आणि कायदा दोन्ही वाचायची तयारी आहे, त्यानं इकडे जरूर यावं. इथे चांगल्या अभ्यासावर माणसांची आयुष्यं अवलंबून आहेत, विद्यार्थ्यांचीही आणि त्यांच्या पुढच्या क्लायंटचीही.

दुसरी पायरी: पीएचडी कुठे करायची

केक्रेपच्या मानकांत डॉक्टरेटची पाच अंगं आहेत: समुपदेशन, सुपरव्हिजन, अध्यापन, संशोधन, आणि नेतृत्व व अ‍ॅडव्होकसी, म्हणजे क्लायंटच्या आणि व्यवसायाच्या बाजूनं आवाज उठवणं. त्यात किमान १०० तासांचं प्रॅक्टिकम आणि ६०० तासांची इंटर्नशिप येते. ती इंटर्नशिप या पाचांपैकी निदान तीन अंगांत करावी लागते. इथे एक युक्ती वापरा. इंटर्नशिपची अंगं प्रश्न बघून निवडा. माझ्या शांततेच्या प्रश्नाला सुपरव्हिजन, अध्यापन आणि संशोधन ही त्रयी लागली, कारण मला मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना सुपरवाइज करता करताच प्रश्न दिसत होता.

मास्टर्स दुसऱ्या देशातलं किंवा बिगर-मान्यताप्राप्त असेल, तर मूळ अभ्यासक्रमातले राहिलेले विषय आणि प्रत्यक्ष कामाचे तास आधी भरून काढावे लागतात. त्यानं एखादं वर्ष वाढू शकतं. प्रवेश घेण्याआधी कोणते विषय भरून काढायचे याची यादी लेखी मागून घ्या. तोंडी आश्वासन पुरेसं नाही.

विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक बघा. त्यांच्या गेल्या पाच वर्षांच्या लेखांत सहलेखक म्हणून विद्यार्थी आहेत का? पहिलं नाव कधी विद्यार्थ्याचं असतं का? एसीएच्या आचारसंहितेनुसार विद्यार्थ्याच्या प्रबंधावर किंवा वर्गातल्या कामावर आधारलेल्या लेखात मुख्य लेखक विद्यार्थीच असला पाहिजे. हे जिथे मनापासून पाळतात तिथली यादी बोलते. आणि शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एकच विचारा: मसुदा दिल्यावर किती दिवसांनी परत मिळतो?

तिसरी पायरी: प्रश्नातून अभ्यासांची साखळी

एकच प्रबंध लिहून थांबणाऱ्याला नोकरी मिळते, पण पुढची वाट अडते. पहिल्यापासून तीन अभ्यास डोळ्यांसमोर ठेवा. शांततेच्या प्रश्नाचं उदाहरण पुढे नेतो.

पहिला गुणात्मक. दहा-बारा विद्यार्थ्यांच्या मुलाखती, त्याही त्यांच्याच रेकॉर्डिंगसमोर बसून. 'तुम्हाला शांतता कशी वाटते?' असं विचारलं की पुस्तकी उत्तर येतं. स्वतःचा व्हिडिओ समोर असला की खरं येतं. विश्लेषणासाठी एकट्यानं काम करायचं असेल तर थीमॅटिक अ‍ॅनालिसिस (मुलाखतींत परत परत येणारे आशय शोधणं), तीन-चार जणांचा गट असेल तर क्लॅरा हिल यांची सहमतीवर आधारलेली गुणात्मक पद्धत. दुसरा अभ्यास मोजमापाचा: पहिल्यातून निघालेल्या वाक्यांची प्रश्नावली करून अनेक विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना द्यायची. तिसरा हस्तक्षेपाचा: शांततेवर चार तासांचं प्रशिक्षण, आणि प्रत्येक विद्यार्थ्याची आधीची व नंतरची सत्रं. आपल्या क्षेत्रात एका तुकडीत विद्यार्थी थोडेच असतात, त्यामुळे मोठ्या नमुन्याची वाट बघत बसण्यापेक्षा सिंगल-केस रचना, म्हणजे एकेका व्यक्तीचं प्रशिक्षणाआधी आणि नंतर वारंवार मोजमाप करण्याची पद्धत, शिकून घ्या. सहा विद्यार्थ्यांवरही ती प्रामाणिकपणे काही सांगू शकते, आणि ही पद्धत येणारे लोक कमी आहेत.

नीतिमत्तेच्या परवानगीकडे, म्हणजे आयआरबीकडे, कागदी सोपस्कार म्हणून बघू नका. आपल्याच विद्यार्थ्यांवर संशोधन करताना तुमच्या हातात त्यांचे गुण असतात. अशा वेळी दिलेली संमती मोकळी नसते. म्हणून संमतीपत्रक दुसऱ्या सहकाऱ्याकडून घ्या, कोण सामील झालं हे निकाल लागेपर्यंत स्वतःला कळू देऊ नका, आणि नकार दिल्यानं काहीही बिघडत नाही हे पत्रकात पहिल्याच परिच्छेदात लिहा. रेकॉर्डिंग वापरणार असाल तर क्लायंटची वेगळी परवानगी लागते. प्रशिक्षणासाठी दिलेली परवानगी संशोधनाला चालत नाही. लेख लिहितानाही जपा. आठ जणांच्या वर्गात एकच विद्यार्थिनी परदेशातली असेल, तर टोपणनाव देऊन ती लपत नाही. तिचं वय, भाषा, देश यांतलं जे आवश्यक नाही ते गाळा, आणि मसुद्यातला तिचा भाग छापण्याआधी तिला वाचायला द्या.

चौथी पायरी: छापणं

प्रबंधाची प्रकरणं जशीच्या तशी पाठवू नका. दोनशे पानांतून पंचवीस पानं काढणं हे वेगळं लेखन आहे. सुपरव्हिजनवरचा अभ्यास असेल तर 'काउन्सेलर एज्युकेशन अँड सुपरव्हिजन', व्यापक वाचक हवा असेल तर 'जर्नल ऑफ काउन्सेलिंग अँड डेव्हलपमेंट', शाळांचा विषय असेल तर 'प्रोफेशनल स्कूल काउन्सेलिंग'. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. दोन दगडांवर पाय ठेवणं इथे आचारसंहितेच्या विरुद्ध आहे. नकार आला की दोन दिवस बाजूला ठेवा, मग परीक्षकांचा प्रत्येक मुद्दा एका तक्त्यात उतरवा: मुद्दा, माझा बदल, पान क्रमांक. न पटलेल्या मुद्द्यालाही कारणासह उत्तर द्या. हा तक्ता पुढच्या नियतकालिकाकडे जातानाही कामी येतो.

पाचवी पायरी: नोकरीचा अर्ज

अमेरिकेत प्राध्यापकपदाच्या जाहिराती बहुतेक ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत येतात, काम पुढच्या ऑगस्टमध्ये सुरू होतं. म्हणजे प्रबंध संपण्याआधी एक वर्ष अर्ज सुरू. एसेस या शिक्षक-सुपरव्हायझरांच्या संघटनेचं राष्ट्रीय अधिवेशन विषम वर्षांत, शरद ऋतूत भरतं. सम वर्षांत तिच्या पाच विभागांची आपापली अधिवेशनं असतात. तिथे आपला शोधनिबंध सादर करा. अर्ज वाचणाऱ्या समितीतल्या कोणीतरी तुम्हाला ऐकलेलं असणं याला मोल आहे.

जाहिरात वाचताना 'परवानाधारक किंवा परवान्यास पात्र' हे शब्द शोधा. परवाना राज्य देतं आणि प्रत्येक राज्याचे तास व परीक्षा वेगळ्या. पीएचडीच्या काळातच सुपरव्हिजनखालचे तास कसे मोजले जातील हे ठरवून ठेवा, नाहीतर चांगला अर्ज इथे अडतो. एका राज्याच्या परवान्यावर दुसऱ्या राज्यातही काम करू देणाऱ्या समुपदेशकांच्या आंतरराज्य करारात आता ३० हून अधिक राज्यं आहेत, पण त्या सोयीसाठीही आधी एका राज्याचा पूर्ण परवाना लागतोच.

संशोधनाचं निवेदन दोन पानांचं. पहिल्याच वाक्यात प्रश्न. 'माझ्या संशोधनाच्या आवडी खालीलप्रमाणे आहेत' अशी सुरुवात केलेली निवेदनं मी निवड समितीत बसून ढिगानं वाचली आहेत, आणि पाच आवडी लिहिणारा उमेदवार दुसऱ्या दिवशी आठवत नाही. असं लिहा: "क्लायंट गप्प होतो तेव्हा नवा समुपदेशक काय करतो, आणि तिथे थांबायला त्याला कसं शिकवावं, हे मी शोधतो." मग झालेला अभ्यास, चालू असलेला, पुढच्या तीन वर्षांतला.

प्रत्यक्ष भेटीत तुमचं भाषण होतं, नमुन्याचा तास होतो, विद्यार्थ्यांसोबत जेवण होतं. भाषणानंतर एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला विचारलं होतं, "तुमच्या अभ्यासातला एखादा विद्यार्थी माझ्या वर्गात असेल, तर येत्या सोमवारी मी काय वेगळं करू?" याचं उत्तर आधी तयार ठेवा. समुपदेशक घडवणाऱ्यांच्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोच.

होकार आल्यावर पगाराइतकंच वेळेबद्दल बोला. दर सत्राला दोन कोर्स शिकवायचे की चार, यावर तुमचं संशोधन जगेल की नाही ते ठरतं. त्यातही एक बारकावा आहे: फक्त गट-सुपरव्हिजन असेल तर प्रॅक्टिकमच्या एका कोर्समागे केक्रेपची मर्यादा बारा विद्यार्थ्यांची आहे, प्राध्यापक स्वतः वैयक्तिक सुपरव्हिजन देत असेल तर ती याहून कमी. बारा विद्यार्थ्यांचं वैयक्तिक सुपरव्हिजन 'एक कोर्स' म्हणून गळ्यात पडत नाही ना, हे सही करण्याआधी विचारा. पहिल्या वर्षी एक कोर्स कमी मागा. करार सहसा नऊ महिन्यांचा असतो. उन्हाळा लेखनासाठी मोकळा ठेवायचा असेल तर त्याची आर्थिक तजवीज आधीच करा.

सहावी पायरी: टेन्युअरपर्यंतची वर्षं

अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेनं १९४० मध्ये मांडलेल्या तत्त्वांनुसार परीविक्षेचा काळ सात वर्षांहून जास्त नसावा. म्हणून साधारण सहाव्या वर्षी टेन्युअरच्या निर्णयासाठी तुमची फाइल जाते. पहिल्याच महिन्यात विभागाचे लेखी निकष मागून घ्या आणि नुकतंच टेन्युअर मिळालेल्या दोघांच्या फाइली बघायला मिळतात का ते विचारा. निकषांचा कागद सैल असतो, फाइल नेमकं सांगते.

आठवड्यातले दोन सकाळचे तास लेखनाला राखून ठेवा आणि त्या वेळेत सुपरव्हिजन लावू नका. हे लिहायला सोपं आहे. संकटातला विद्यार्थी दारात उभा राहतो आणि आपण समुपदेशक असल्यामुळे दार बंद करवत नाही. मी त्यावर केलेला उपाय असा: त्या दोन तासांत कोणाकडे जायचं ते सहकाऱ्याचं नाव दारावर लावलं, आणि तिच्या लेखनाच्या तासांत माझं नाव तिच्या दारावर. समित्यांचंही तसंच. परदेशातून आलेल्या आणि अल्पसंख्य प्राध्यापकांना विविधतेच्या प्रत्येक समितीवर बोलावणं येतं. दोन निवडा, त्यातली एक तुमच्या प्रश्नाशी जोडलेली असू दे, बाकीच्यांना विभागप्रमुखांमार्फत नकार कळवा.

फाइल जाताना बाहेरच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांकडून तुमच्या कामावर पत्रं मागवली जातात. बहुतेक ठिकाणी तुम्हाला काही नावं सुचवता येतात, पण सहलेखक किंवा जुने मार्गदर्शक चालत नाहीत. म्हणून तिसऱ्या वर्षापासून एक छोटी यादी ठेवा: तुमच्या प्रश्नाच्या जवळ काम करणारे, तुम्हाला ओळखणारे, पण ज्यांच्यासोबत अजून काही लिहिलेलं नाही असे सहा जण. दर अधिवेशनात त्यातल्या एक-दोघांसोबत चहाला बसा आणि नवा लेख छापून आला की त्यांना पाठवा. त्यांच्यापैकी कोणी एकत्र लिहूया म्हणालं, तर होकार जरूर द्या, फक्त त्या यादीतलं नाव खोडून तिथे दुसरं लिहा.